आधी दिवे सांगा

"नेट बंद आहे," एवढंच बहुतेक लोक फोनवर सांगतात, आणि त्यांच्या बाजूनं ते पुरेसं असतं. मुलीचा क्लास सुरू व्हायचाय, टीव्हीवर नुसतं चक्र फिरतंय, पुण्याहून लेकाचा व्हिडिओ कॉल यायची वेळ झाली आहे. त्यांनी आणखी काय सांगायचं? पुढचं विचारणं हे माझं काम. कराडमध्ये केबल आणि इंटरनेट पुरवणाऱ्या एका स्थानिक ऑफिसात मी तक्रारींचा फोन घेते. शहराचा काही भाग आणि आसपासची काही गावं आमच्याकडं आहेत. खांबावर चढणारी, फायबर जोडणारी मुलं वेगळी. माझ्याकडं फोन, आणि समोर एक स्क्रीन, जिच्यावर घरांत बसवलेल्या इंटरनेटच्या डब्यांपैकी कुठला चालू आहे आणि कुठला नाही एवढं कळतं. डबा ठेवलेली खोली मला दिसत नाही. ती फोन करणाऱ्याला दिसते. त्यामुळं त्याच्या डोळ्यांनी बघायला शिकणं हेच या कामातलं मुख्य शिक्षण आहे.

माझा पहिला प्रश्न ठरलेला आहे: "डब्यावर कुठले दिवे लागलेत, कुठल्या रंगाचे?"

"बंद करून चालू करा" हे मी पहिल्यांदा सांगत नाही. सगळीकडं तेच आधी सांगतात, आणि त्यानं पुष्कळदा नेट सुरूही होतं. डबा तापलेला असतो, त्याच्या मेमरीत काहीतरी अडकलेलं असतं, नव्यानं सुरू झाला की सुटतं. पण बंद करताक्षणी दिव्यांवर लिहिलेलं सगळं पुसलं जातं. बिघाड तात्पुरता होता की लाईनच तुटली आहे, हे सांगणारी एकच गोष्ट घरात असते आणि आपण तीच घालवतो. शिवाय पंचाहत्तरीच्या बाईंना टीव्हीच्या मागं वाकून स्विच काढायला लावायचं, ते कशासाठी, हे आपल्याला तरी ठाऊक हवं.

दिवा लाल आहे म्हणजे काय, हे कळण्यासाठी लाईन घरात कशी येते ते माहीत असावं लागतं. मला ते आमच्या जॉइंट मारणाऱ्या मुलांनी शिकवलं. ऑफिसातल्या मोठ्या यंत्रातून, ओएलटीतून, प्रकाश निघतो. तो १४९० नॅनोमीटरचा असतो, डोळ्यांना न दिसणारा. घरातला डबा उलट दिशेनं १३१० नॅनोमीटरचा प्रकाश पाठवतो. दोन्ही एकाच काचेच्या तंतूतून जातात आणि एकमेकांत मिसळत नाहीत. तंतूची जाडी १२५ मायक्रॉन आणि ज्या गाभ्यातून प्रकाश धावतो तो जेमतेम ९ मायक्रॉनचा. वाटेत खांबावर स्प्लिटर बसवलेले असतात. तिथं प्रकाश आठ घरांत वाटला की प्रत्येकाच्या वाट्याला आठव्या हिश्श्याहूनही थोडा कमी येतो. म्हणून आमच्या मुलांच्या तोंडी सतत "पॉवर किती आली?" हे असतं. मीटरवर माइनस वीस, माइनस बावीस आलं की ते निर्धास्त असतात. माइनस सत्तावीसच्या खाली गेलं की डब्याला प्रकाश ओळखता येईनासा होतो. माइनस सत्तावीस म्हणजे एका मिलिवॅटचा साधारण पाचशेवा भाग. एवढ्याशा प्रकाशावर घरातले दोन टीव्ही आणि चार मोबाईल चालतात, याचं मला अजूनही मनापासून कौतुक वाटतं.

डब्यावर एलओएस असं लिहिलेला दिवा लाल लुकलुकला की हा प्रकाश पोचत नाही. पॉन लिहिलेला हिरवा स्थिर असला की प्रकाश पोचतोय आणि डब्यानं ऑफिसशी हातमिळवणी केली आहे. या दोन दिव्यांच्या उत्तरानं अर्धी लढाई संपते. लाल असेल तर घरातल्या कुणी मोबाईलमध्ये, राउटरमध्ये काहीही दाबून फरक पडणार नाही, आणि तसं त्यांना स्पष्ट सांगायला हवं.

लाल दिव्याच्या तक्रारींना हंगाम असतात. दिवाळीच्या आधी साफसफाई होते, कपाट भिंतीला सरकवलं जातं आणि मागची पिवळी वायर चेपते. काचेचा तंतू फार वाकला की प्रकाश वळणावर बाहेर सांडतो. अशा वेळी मी विचारते, "काल-परवा घरात काही हलवलं का?" उत्तर जवळजवळ नेहमी 'हो' येतं. कपाट वीतभर पुढं ओढलं की कितीदा तरी तिथल्या तिथं हिरवा दिवा लागला आहे, आणि पलीकडून आलेला आनंदाचा आवाज मी ऐकला आहे.

ऊस सुरू झाला की वेगळीच तऱ्हा. कारखान्याकडं निघालेल्या ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या, वर उंच रचलेला ऊस. रस्त्यावरून आडवी गेलेली केबल थोडी जरी झोळ पडलेली असली तरी उसाच्या शेंड्यांत अडकून ओढली जाते. गणपतीत उंच मूर्तींच्या मिरवणुका येतात तेव्हा आमची मुलं बांबूला आडवी काठी बांधून केबल वर उचलत बरोबर चालतात. पावसाळ्यात फांद्या पडतात, खांबावरच्या पेटीत पाणी शिरतं. उंदीर आणि खारी मात्र बारमाही.

एकाच वेळी अनेक फोन आले की मी स्क्रीनकडं बघते. एकाच स्प्लिटरवरची सगळी घरं बंद असतील तर बिघाड खांबावर किंवा त्याच्या अलीकडं. एकच घर बंद असेल तर खांबापासून घरापर्यंतच्या वायरीत किंवा घरात. स्क्रीन आणखी एक गोष्ट सांगते, जी मला कळली तेव्हा मी चकित झाले होते. घरातली वीज गेली की डबा तत्काळ मरत नाही. आतल्या कपॅसिटरमध्ये उरलेल्या शक्तीवर तो ऑफिसला एक शेवटचा निरोप पाठवतो की माझी वीज गेली. केबल तुटली तर असा निरोप येत नाही, येऊच शकत नाही. त्यामुळं कुणी "अचानक बंद पडलं" म्हणून फोन केला तर मला आधीच दिसत असतं की त्यांच्या डब्याची वीज गेली आहे. मग खांब, शिडी, मुलांची धावपळ यांतलं काही लागत नाही. बहुतेक वेळा ॲडॅप्टर निघतो.

ॲडॅप्टरबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इतकी छोटी गोष्ट इतका मनस्ताप देते हे लोकांना खरं वाटत नाही. पूर्ण मेलेला ॲडॅप्टर सोपा. दिवेच लागत नाहीत. अर्धमेला ॲडॅप्टर दिवे लावतो, घरी आलेल्या मुलाला नेट सुरू असलेलं दाखवतो आणि तो गेल्यावर संध्याकाळी, चार मोबाईल आणि टीव्ही एकदम जोडले गेले की, दमतो. वरती बारा व्होल्ट छापलेलं असतं, पण भार आला की तेवढे निघत नाहीत. डबा आपोआप बंद होतो आणि सुरू होतो. घरचे म्हणतात, "थोडा वेळ जातं नि येतं." असं ऐकलं की मी विचारते, "जातं तेव्हा सगळे दिवे एकदम विझतात का?" विझत असतील तर दुसरं काही शोधायचं नाही. मात्र सेट-टॉप बॉक्सचा ॲडॅप्टर काढून इथं लावू नका हे त्याच दमात सांगावं लागतं. दोन्हींची पिन सारखी गोल असते आणि व्होल्ट वेगळे असू शकतात.

दिवे हिरवे आहेत आणि तरी नेट नाही, तिथून माझं आवडतं काम सुरू होतं. आता लाईन ठीक आहे. अडचण डब्याच्या आत किंवा हवेत आहे. मोबाईलवर वाय-फायचं चिन्ह पूर्ण दिसतं आणि खाली लिहून येतं की इंटरनेट नाही. लोकांना हे खोटं वाटतं. "टॉवर तर फुल आहे ताई!" असं ते म्हणतात, आणि त्यांना कुणी कधी सांगितलेलंच नसतं की ते चिन्ह फक्त मोबाईल आणि राउटर यांच्यातल्या चार पावलांबद्दल बोलतं. राउटरच्या पुढचा रस्ता बंद असला तरी ते भरलेलंच राहणार. हे मी प्रत्येकाला सांगते. अर्धं मिनिट जातं. पण ज्यांना एकदा कळलं ते पुढच्या वेळी फोन करतात तेव्हा "वाय-फाय जोडलंय, दिवे हिरवे, पण पुढं जात नाही" असं सांगतात, आणि माझे निम्मे प्रश्न वाचतात.

अशा वेळी बहुधा लॉगिन अडलेलं असतं. राउटरमध्ये एक युजरनेम आणि पासवर्ड भरलेला असतो, त्यावर ऑफिसचा सर्व्हर त्याला आत घेतो. वीज झटक्यात जाऊन आली की कधीकधी सर्व्हरला वाटतं जुनं लॉगिन अजून सुरूच आहे, म्हणून तो नवं नाकारतो. घरातले लोक राउटर पुन्हा पुन्हा बंद-चालू करत बसतात. ते जुनं लॉगिन मला इथून काढता येतं, एक बटण. म्हणून मी फोन आल्याबरोबर ते बघून घेते, आणि अडकलेलं दिसलं तर त्यांना काहीही करायला सांगत नाही.

सगळ्यात अवघड फोन रिसेटचे. राउटरच्या मागं टाचणीएवढं छिद्र असतं. ते दाबून धरलं की आतली सगळी माहिती पुसली जाते; आमचं युजरनेम-पासवर्डही. कुणीतरी व्हिडिओत बघून दाबतं. एका खेड्यातल्या आजींच्या घरी नातवानं ते दाबलं होतं. डबा आमचा होता, पण त्यामागं मुलानं स्वतः आणलेला वेगळा राउटर, त्यामुळं इथून मला त्यात काही भरता येत नव्हतं. मुलगा परदेशात, त्याचा फोन यायला तासभर. आमची दोन्ही पोरं त्या वेळी मलकापूरच्या बाजूला खांबावर होती. आजी म्हणाल्या, "तू सांग, मी करते."

मी सांगत गेले. राउटर उलटा करून खालचं लेबल वाचायचं, कारण वाय-फायचं नाव आता पुन्हा कारखान्यातलं झालेलं. त्याला मोबाईल जोडायचा. मग मोबाईल डेटा बंद करायचा. इथं त्या थबकल्या. त्यांना वाटलं डेटा बंद केला की माझा फोनही तुटेल. भीती रास्त होती. पण डेटा सुरू ठेवला तर मोबाईल, वाय-फायवर नेट नाही असं बघून आपला आपण डेटाकडं वळतो आणि राउटरचं पान उघडतच नाही. बोलणं तुटणार नाही, मी इथंच आहे, असं सांगितल्यावर त्यांनी डेटा बंद केला. मग वरच्या पट्टीत १९२.१६८.१.१. टिंबं कुठं असतात हे शोधायला वेळ गेला. पान उघडलं ते सगळं इंग्रजीत. आजींना इंग्रजी अक्षरं ओळखता येत होती, वाचता येत नव्हतं. मी माझ्यासमोर त्याच जातीच्या राउटरचं पान उघडलं आणि जागेवरून सांगू लागले: डावीकडं वरून तिसरी ओळ, तिचं पहिलं अक्षर डब्ल्यू, पाण्याच्या लाटेसारखं. आजी पानावरून बोट फिरवत होत्या आणि जे दिसेल ते एकेक अक्षर मला सांगत होत्या. पासवर्डमध्ये एक शून्य होतं आणि एक ओ. मोबाईलवर दोन्ही सारखेच दिसले. शून्य आकड्यांच्या ओळीतलं घ्या, ओ अक्षरांच्या ओळीतला घ्या, असं सांगून ते निभावलं. सेव्ह दाबल्यावर काही वेळ दोघीही गप्प होतो. मग माझ्या स्क्रीनवर त्यांचं लॉगिन उगवलं, मी काही बोलायच्या आधी त्या म्हणाल्या, "आला गं, आला!"

त्या फोनला मोठा वेळ गेला आणि मागं इतरांचे फोन खोळंबले. तरी तो वेळ मला योग्य वाटतो. दुसऱ्या दिवशी मी मालकांना सांगितलं की नव्या पासवर्डमध्ये शून्य आणि ओ, एक आणि छोटा एल ही अक्षरं ठेवू नयेत. त्यांनी लगेच मान्य केलं. आता आमच्याकडचे नवे पासवर्ड तसेच निघतात.

दुसरा राउटर घरात किंवा दुकानात आला की वेगळा गुंता होतो. औषधांच्या एका दुकानात मागच्या गोदामात रेंज येत नव्हती म्हणून त्यांनी एक राउटर विकत आणून मागं लावला. त्या संध्याकाळपासून बिलाचा कॉम्प्युटर कधी चाले, कधी नाही. दिवे सगळे हिरवे. दोन्ही राउटर स्वतःला १९२.१६८.१.१ म्हणवत होते आणि दोन्ही येईल त्या यंत्राला पत्ते वाटत होते. घरातल्या वापरासाठी राखून ठेवलेले पत्ते १९९६ पासून ठरलेले आहेत आणि जगभरच्या घरांत तेच पुन्हा पुन्हा वापरले जातात. वेगवेगळ्या घरांत असले तर काही बिघडत नाही, एकाच घरात दोघांनी तोच घेतला की गोंधळ. नव्या राउटरचा पत्ता बदलून, त्याचं वाटप बंद केलं की झालं. हे दुकानदारानं फोनवरच केलं. त्यांनी "नवा राउटर कालच लावला" हे सुरुवातीला सांगितलं नव्हतं, कारण त्यांच्या हिशेबी तो मागच्या खोलीसाठी होता, बिलाच्या कॉम्प्युटरशी त्याचा संबंध नव्हता. म्हणून "काय बिघडलं?" याच्याआधी "काय बदललं?" हे विचारायचं.

आणि भिंती. आमच्या भागात अजून जुने वाडे आहेत, हातभर जाडीच्या दगडामातीच्या भिंतींचे. ५ गिगाहर्ट्झचा वाय-फाय वेगवान, पण अशी एक भिंत ओलांडताना तो गळपटतो. २.४ गिगाहर्ट्झचा जरा लांब पोचतो, पण त्यावर गर्दी फार. भारतात हा पट्टा २००५ पासून विनापरवाना खुला आहे, ब्लूटूथ तिथंच, मायक्रोवेव्ह ओव्हनची गळतीही तिथंच. फ्लॅटच्या इमारतीत सगळ्यांचे राउटर एकाच चॅनेलवर बसलेले असतात. एक, सहा, अकरा यांतला मोकळा निवडला की फरक पडतो. पण त्याआधी मी एवढंच सांगते: मोबाईल घेऊन डब्याच्या शेजारी उभे राहा. तिथं चाललं आणि आतल्या खोलीत नाही, तर लाईनचा दोष नाही. डबा लोखंडी कपाटावरून, टीव्हीच्या मागून काढून घराच्या मध्यावर, उंचावर ठेवा. याला पैसे लागत नाहीत.

२०२०च्या लॉकडाउनमध्ये या फोनचा सूर बदलला आणि तो पुन्हा पहिल्यासारखा झालाच नाही. शाळा डब्यातून यायला लागली. एकाच घरात दोन मुलं, एक मोबाईल, आणि आई मला विचारायची की धाकट्याचा तास बुडाला तर हजेरी कशी लागेल. आता शाळा शाळेत भरते, पण सातबारा ऑनलाइन, इंजिनिअरिंगच्या प्रवेशफेरीचे पर्याय ऑनलाइन, आणि पर्याय भरायची मुदत संपताना आलेला फोन मी आवाजावरून ओळखते. अशा वेळी मी आधी सांगते, "दुसऱ्याच्या मोबाईलचा हॉटस्पॉट घ्या, फॉर्म भरा, मग आपण राउटर बघू." लाईन दुरुस्त करणं माझं काम आहे, पण त्या घडीला त्या मुलीचं काम फॉर्म भरणं आहे.

एका बाबतीत मी ऑफिसात भांडले आहे. कधी बिघाड आमच्या बाजूचाच असतो. वरून येणारी लाईनच बंद. अशा वेळी वेळ काढण्यासाठी लोकांना "राउटर रीस्टार्ट करून बघा" सांगायची पद्धत या धंद्यात आहे. मी ते सांगत नाही. आमच्याकडं बिघाड आहे, तुमच्या घरी काही करू नका, सुरू झालं की मेसेज येईल, असं सांगते. लोक रागावतात, त्यांचा राग योग्य असतो. पण त्या रात्री कुणी उगाच टाचणी शोधत नाही.

सध्या नव्या जोडणीबरोबर आम्ही एक मराठी पान देतो. त्यावर डब्याचं चित्र, प्रत्येक दिव्याचा अर्थ, युजरनेम-पासवर्ड, छिद्र दाबू नका ही सूचना. पासवर्ड ग्राहकाला द्यावा का यावर आमच्या मुलांचा विरोध होता. लोक काहीतरी करून ठेवतील म्हणून. मला वाटतं घरातल्या यंत्राची माहिती घरात असली पाहिजे, आणि पान दिल्यापासून रिसेटचे फोन लवकर आटपतात. राउटरच्या आतली पानं मात्र अजून इंग्रजीतच आहेत. आम्ही घेतो त्यांतल्या काही राउटरवर भाषा निवडायची जागा आहे, तिथं मराठी नाही. ती घालावी असं पत्र मी आमच्या पुरवठादाराला मालकांच्या सहीनं पाठवलं आहे. उत्तर आलं नाही तर पुढच्या खरेदीच्या वेळी ऑर्डरसोबत तेच पुन्हा लिहिणार आहे.